हात लावायच्या आधी

पहिले तीन आठवडे आम्ही कुणाच्याच चेहऱ्याला हात लावला नाही. स्किनकेअरच्या कोर्सला नाव घातलं तेव्हा मनात फेशियल, मसाज, क्रीमचे वास असं सगळं होतं आणि पहिल्या दिवशी समोर आलं काय, तर साबण, पेपर टॉवेल आणि भिंतीवरचं घड्याळ. हात कसे धुवायचे ते. किमान २० सेकंद, बोटांच्या बेचक्यात, अंगठ्याच्या मुळाशी, नखांखाली, मग मनगटं, मग कोरड्या टॉवेलने पुसायचं आणि त्याच टॉवेलने नळ बंद करायचा, कारण ज्या नळाला आधी मळक्या हाताने धरलं त्यालाच धुतलेल्या हाताने परत धरणार असाल तर धुतलेत कशाला. आमच्या मॅडम शेजारी उभ्या राहून बघायच्या आणि कुणी नळाला बोट लावलं की शांतपणे म्हणायच्या, "पहिल्यापासून." मी त्या आठवड्यात सात वेळा पहिल्यापासून धुतले.

लोक विचारतात ना की फेशियल शिकायला एवढं काय लागतं, दोन महिन्यांचा कोर्स पुरे नाही का. लायसन्ससाठी किती तास भरावे लागतात ते ठिकाणाप्रमाणे बदलतं, काही ठिकाणी ६०० तास, काही ठिकाणी १००० पर्यंत, वर लेखी परीक्षा आणि प्रॅक्टिकल. सुरुवातीला मलाही ते जास्तच वाटायचं. आता कुणी विचारलं तर मी सांगते की त्यातला मोठा भाग हात लावायच्या आधीचा असतो, आणि तोच भाग सगळ्यात अवघड जातो.

उदाहरणार्थ, धुणं, जंतू मारणं आणि निर्जंतुक करणं. मला तिन्ही एकच वाटायचं. पण चिमट्याला क्रीमचा किंवा त्वचेचा कण चिकटलेला असेल आणि तो तसाच औषधाच्या पाण्यात बुडवला, तर त्या कणाच्या आड जंतू आरामात जिवंत राहतात, म्हणून आधी साबणाने घासून धुवायचं, कोरडं करायचं, मगच द्रावणात टाकायचं, आणि बाटलीवर जितकी मिनिटं लिहिलीत तितकी मिनिटं ते पूर्ण बुडलेलं राहिलं पाहिजे. दहा लिहिलीत तर दहा. बाहेर क्लायंट खोळंबलाय म्हणून सातव्या मिनिटाला काढला तर तो चिमटा नुसता ओला झालाय एवढंच. हे झालं जंतू मारणं. निर्जंतुक करायचं ते ऑटोक्लेव्हमध्ये, तो म्हणजे प्रेशर कुकरचाच भाऊ, दाबाखालची वाफ १२१ डिग्रीला, त्यात बॅक्टेरियाचे बीजाणू, म्हणजे त्यांची सगळ्यात चिवट रूपं, तीसुद्धा मरतात. आणि वॅक्सच्या भांड्यात एकदा त्वचेला लागलेली काडी परत बुडवायची नाही, कधीच नाही, प्रत्येक वेळी नवीन काडी. माणूस ओळखीचा असो, घाई असो, काड्या संपत आलेल्या असोत. हे वाचताना साधं वाटतं पण दिवसाच्या शेवटी पाय दुखत असताना तेराव्यांदा नवीन काडी घ्यायची सवय हाताला लागायला खरंच महिने लागतात.

मग त्वचा. ह्या भागाच्या मी प्रेमातच पडले, आणि मी शाळेत जीवशास्त्रापासून लांब पळणारी मुलगी होते. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर, ज्याला आपण रोज घासतो, क्रीम लावतो, आरशात निरखतो, तो मेलेल्या पेशींचा असतो. पेशी जन्मते खाली, तळाच्या थरात, आणि मग वर वर सरकत येते, वाटेत चपटी होत जाते, आतलं केंद्रक हरवते, केराटिन नावाच्या टणक प्रथिनाने भरते आणि वर पोचेपर्यंत संपलेली असते. तरुण माणसात ह्या प्रवासाला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढतं तसे जास्त. वर पोचलेल्या ह्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधे चुन्यासारखे स्निग्ध पदार्थ भरलेले असतात, त्यामुळे आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचं बाहेर. आपण चेहरा खरखरीत स्क्रबने रोज घासतो तेव्हा तो चुनाच उकरत असतो, आणि मग म्हणतो माझी स्किन फार सेन्सिटिव्ह आहे.

आमचं सगळं काम ह्या वरच्या मेलेल्या भिंतीवर चालतं. तिच्या खालच्या जिवंत भागाला धक्का लावायचा अधिकार बहुतेक ठिकाणी आम्हाला नाही, तो डॉक्टरांचा. आणि ही भिंत आणि तिच्याखालचा तळाच्या थरापर्यंतचा जिवंत भाग मिळून जी बाह्यत्वचा होते ती पापणीवर जेमतेम ०.०५ मिलिमीटर असते आणि तळपायावर जवळपास दीड मिलिमीटर. म्हणजे माझ्या लायसन्सची हद्द कागदाच्या जाडीएवढ्या जागेत आखलेली आहे आणि ती माणसागणिक, जागेगणिक हलते. हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन कितीतरी वेळ स्वतःच्या पापणीवर बोट ठेवून बसले होते.

ब्लॅकहेड्स काढायला शिकलो तेव्हाची गोष्ट सांगते. त्यातला काळा रंग मळाचा नसतो, छिद्राच्या तोंडाशी साठलेलं तेल आणि मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, हवेच्या संपर्कात येऊन गडद होतं, त्यामुळे कितीही फेसवॉश केला तरी तो जात नाही, आणि "तोंड नीट धूत नाहीस का" हे वाक्य किती मुलींना उगाच ऐकावं लागतं. तर वाफ दिलेली, त्वचा मऊ झालेली, डोक्यावर भिंगाचा दिवा, दोन्ही तर्जन्यांना कापूस गुंडाळलेला, आणि मी समोरच्या नाकाच्या कडेला दाबतेय. येत नव्हतं. मी अजून जोर लावला. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला आणि माझी बोटं थोडी लांब सरकवली, इतकी लांब की मला वाटलं आता काय डोंबल येणार, आणि आधी खाली दाबायला लावलं, मग अलगद आत. एका हलक्या दाबात आलं ते. "तीन वेळा," त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा नाही आलं तर सोडून द्यायचं, पुढच्या वेळी येईल." मला तोपर्यंत वाटायचं की चांगली कारागीर म्हणजे जी काढतेच. आणि पूने भरलेल्या खोल गाठीला तर हात लावायचाच नाही, कारण ती आतल्या आत फुटली तर सूज पसरते आणि खड्डा राहतो तो आयुष्यभर.

आता जे लिहायला मला जड जातंय ते.

प्रॅक्टिकलच्या तयारीसाठी आम्ही एकमेकींच्या भुवया वॅक्स करायचो. प्रत्येक वेळी फॉर्म भरायचा, अगदी आपसातही, त्यावर अकरा प्रश्न: अ‍ॅलर्जी, चालू औषधं, गरोदरपण, डायबेटिस, तोंडाला लावायची क्रीम्स, अलीकडे केलेलं पील (अ‍ॅसिडने त्वचेचा वरचा थर उतरवणं), उन्हात भाजणं असे. त्या दिवशी माझ्या समोर माझी मैत्रीण होती, वर्गात सहा महिने माझ्या शेजारी बसणारी, तिच्याबद्दल मला माहीत नाही असं काय होतं. मी फॉर्म घेतला आणि वरपासून खालपर्यंत "नाही, नाही, नाही" असं एका दमात लिहून टाकलं. वॅक्स केसांच्या दिशेने पातळ लावलं, पट्टी बसवली, त्वचा ताणून धरली, उलट्या दिशेने त्वचेला समांतर ओढली. सगळं बरोबर. पट्टी निघाली आणि भुवईखाली मसुराच्या डाळीएवढी जागा ओली, गुलाबी, चकचकीत दिसायला लागली. वरचं कातडंच पट्टीला आलं होतं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "जरा चरचरतंय गं."

ती पाच आठवडे रोज रात्री पिंपल्ससाठी अ‍ॅडापलीन जेल लावत होती. हे रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या गोतावळ्यातलं. ते पेशींची ये-जा वाढवतं, वरच्या थराची पकड सैल करतं, पिंपल्सना उपयोग होतो तो त्यामुळेच, आणि वॅक्स त्या सैल थराला धरून केसांबरोबर उचलतं तेही त्यामुळेच. हे मला पाठ होतं. आदल्या आठवड्याच्या टेस्टमध्ये मी ह्याच प्रश्नाचं उत्तर पानभर लिहिलं होतं.

मॅडम आल्या, थंड पाण्याची घडी ठेवली, साधं पेट्रोलियम जेली लावलं, जखम भरेपर्यंत मेकअप नाही, उन्हापासून जप, जेल बंद, आणि लाल व्हायला किंवा पाणी यायला लागलं तर डॉक्टर, असं तिला समजावलं. मग माझ्याकडे वळल्या. "फॉर्मवर काय लिहिलंयस?" मी वाचून दाखवलं. "तिने नाही सांगितलं?" मैत्रीण काही बोलणार होती, मला सांभाळून घेणार होती हे मला तिच्या तोंडावर दिसलं, म्हणून मी घाईने म्हटलं, "मी विचारलंच नाही." त्या ओरडल्या नाहीत. रजिस्टर काढलं, तारीख घातली आणि पेन माझ्या हातात दिलं. जे झालं ते जसंच्या तसं लिहायला मला अर्धा तास लागला.

जखम दहा दिवसांत भरली. डाग गेला नाही. गव्हाळ, सावळ्या, काळ्या त्वचेचं हे असंच असतं, भाजणं, ओरखडा, पिंपल, काहीही झालं की ती जागा बरी होताना मेलॅनिन जास्त तयार करते आणि तपकिरी डाग मागे ठेवते. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते, फरक असतो त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात त्यात. आम्हाला त्वचेचे सहा प्रकार शिकवतात, अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेली पट्टी, पण सुरुवातीला ती गोऱ्या त्वचेसाठीच होती, चारच प्रकारांची, आणि सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडले गेले. मला हे खटकतं, अजूनही. पुस्तकातल्या फोटोंमध्ये बहुतेक लालसर गोरे गाल असतात, सूज म्हणजे लाली असं त्यावरून शिकायला मिळतं, आणि मग समोर सावळा चेहरा आला की तीच सूज जांभळट किंवा नुसती गडद दिसते आणि शिकाऊ मुलीला ती दिसतच नाही. मैत्रिणीचा डाग साडेतीन महिने टिकला. मी रोज शेजारच्या खुर्चीवरून तो बघत होते, आधी कॉफीसारखा, मग फिकट, मग फक्त ठराविक उजेडात. कुठल्याही धड्याने मला इतकं शिकवलं नाही.

त्यानंतर मी विचारायला शिकले. आणि विचारणं ही वेगळी कला आहे हेही तेव्हाच कळलं. "काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की दहातले बरेच जण नाही म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांच्या दृष्टीने औषध म्हणजे गोळी, तोंडाला लावायची ट्यूब औषधात धरतच नाहीत. म्हणून मी विचारते, रात्री झोपताना तोंडाला काय लावता? पिंपल्सवर वेगळं काही? वांगावर कुणी काही दिलंय? ट्यूबचा फोटो आहे का मोबाईलमध्ये? मग हळूहळू एकेक निघतं. मागे एक ताई "मी काहीच लावत नाही हो" पासून सुरू होऊन चार ट्यूबांपर्यंत आल्या, त्यातली एक बहिणीने दिलेली, गोरेपणासाठी, आणि त्यात स्टेरॉइड होतं. ते सुरुवातीला चेहरा छान उजळ दाखवतं आणि महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, बंद केलं की चेहरा पेटतो, म्हणून माणूस परत तेच लावतो. त्यांना पील हवं होतं. मी केलं नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे आधी जा म्हटलं, आणि ट्यूब मनाने एकदम बंद करू नका, त्यांना विचारून करा, एवढंही सांगितलं. त्या थोड्या नाराज होऊन गेल्या आणि मला ते समजू शकतं, माणूस सुंदर दिसायला आलेला असतो आणि समोरची म्हणते आज नाही.

पील ह्या विषयावर खरं तर वेगळं लिहायला हवं. फळांतली अ‍ॅसिड्स त्वचेसाठी वापरायचा शास्त्रीय पाया घातला तो युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी, १९७४ मध्ये, आणि ते काम करत होते ते इक्थिओसिसवर, ज्यात त्वचा माशाच्या खवल्यांसारखी सुकते. म्हणजे आज ग्लो म्हणून जे विकलं जातं त्याचा जन्म एका त्रासदायक आजारावर उपाय शोधताना झाला. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. ग्लायकोलिक अ‍ॅसिडचा रेणू ह्या फळांतल्या अ‍ॅसिड्सच्या घराण्यात सगळ्यात लहान म्हणून पटकन आत शिरतो, सॅलिसिलिक त्या घराण्यातलं नाही पण तेलात विरघळतं म्हणून छिद्रांत उतरतं. एवढंच सांगून पुढे जाते.

कारण मला तिळाबद्दल सांगायचंय. प्रॅक्टिसच्या दिवसांत एक काकू आल्या होत्या, साधं क्लीनअप करायला. मान पुसताना उजव्या कानामागे एक तीळ दिसला. दोन रंगांचा, एका बाजूला कड नीट आणि दुसऱ्या बाजूला पसरल्यासारखी. आम्हाला पाच गोष्टी बघायला शिकवलंय, दोन्ही अर्धे सारखे आहेत का, कड नीट आहे का, रंग एकच आहे का, आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का आणि अलीकडे बदललाय का. आणि हेही शिकवलंय की ह्यातलं काहीही दिसलं तरी आजाराचं नाव आपल्या तोंडातून येता कामा नये, निदान करणं आपलं काम नाही. माझे हात थांबले. मॅडमना खुणेने बोलावलं, त्यांनी बघितलं आणि मलाच बोलायला लावलं. मी म्हटलं, "काकू, इथे कानामागे एक तीळ आहे, तुम्हाला स्वतःला दिसेल अशा जागी नाहीये, कधीपासून आहे माहितेय का?" त्यांना तो असल्याचंच माहीत नव्हतं. "एकदा स्किनच्या डॉक्टरांना दाखवाल का? मी फोटो काढून देते तुमच्याच मोबाईलवर." त्यांचा चेहरा उतरला, आणि उरलेला अर्धा तास त्या गप्प होत्या, आणि मला वाटत राहिलं की मी ह्या बाईचा दिवस घालवला.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. डॉक्टरांनी काळजीचं नाही म्हणून सांगितलं होतं, सहा महिन्यांनी परत बघू म्हणाले होते. मला एकीकडे सुटल्यासारखं वाटलं आणि दुसरीकडे लाजही, उगाच घाबरवलं म्हणून. मॅडम म्हणाल्या, "काळजीचं आहे की नाही ते ठरवायला ते बसलेत. दाखवा म्हणायला आपण." काकूंनी मात्र त्या दिवशी आपल्या बहिणीला सोबत आणलं होतं, तिच्या पाठीवरचे तीळ बघायला.

मसाजच्या वेळीही हेच. डोळे मिटून पडलेल्या माणसाला आपले हात दिसत नाहीत, म्हणून आधी सांगायचं की आता हात लावतेय, तळवे एकमेकांवर चोळून ऊबदार करायचे, आणि पहिला स्पर्श खांद्याला, चेहऱ्याला नाही. एकदा हात लावला की दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत, क्रीम घ्यायला एक हात गेला तर दुसरा कपाळावर राहतो. हे आम्ही आधी स्वतःच्या गुडघ्यावर शिकलो, तासन्‌तास, गुडघ्याची वाटी म्हणजे हनुवटी असं धरून. एक हात कायम राहिला तर समोरच्याचा श्वास कसा खाली जातो ते मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हे काम आयुष्यभर करायचंय असं वाटलं. त्याच्या आधी मला खात्री नव्हती.

प्रॅक्टिकल परीक्षेत माझ्या हातून स्पॅचुला, क्रीम घ्यायची चपटी पट्टी, खाली पडला. खण्णकन. परीक्षक दोन पावलांवर, हातात तक्ता. मी हातातलं काम सुरक्षित जागी आणून थांबवलं, तो उचलून मळलेल्या वस्तूंच्या डब्यात टाकला, हात धुतले, पूर्ण २० सेकंद, पेपर टॉवेलने नळ बंद केला, नवीन स्पॅचुला घेतला. त्या २० सेकंदांत घड्याळ पुढे जात होतं आणि मला आतून अजिबात घाई नव्हती. पास झाले.

लायसन्स आलं त्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला, भुवया करायच्यात, येऊ का. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडे जा ना. ती आली. खुर्चीत बसली, केस मागे घेतले, डोळे मिटले आणि म्हणाली, "जेल चार महिने बंद आहे, दुसरं काही लावत नाही, कर आता." भिंगाच्या दिव्याखाली मी ती जागा शोधली. काहीच नव्हतं तिथे, बाजूच्या त्वचेसारखीच त्वचा.

मी फॉर्म काढला, पेन उघडलं.

"अगं सांगितलं ना."

"हो. पहिला प्रश्न. कशाची अ‍ॅलर्जी आहे का?"

तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि मग अकराच्या अकरा प्रश्नांची उत्तरं दिली.